सांध्याला गुण कोण देणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वाचकांच्या पानावर गेल्या आठवड्यात एका गृहस्थांचे पत्र आले होते. अभियांत्रिकीची मुले शेवटच्या वर्षाला रोबोच्या नावाखाली रिमोटवर चालणारी खेळणी करतात, त्यात पालकांचे पैसे जातात आणि हाताला काही लागत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांचा राग मला समजतो. दुकानातून तयार प्रोजेक्ट विकत आणून त्यावर आपली नावे चिकटवणारी मुले मीही पाहिली आहेत. तरीही त्या पत्राला उत्तर द्यावे असे वाटले. मी जे पाहतो ते त्यांनी पाहिलेले नसावे.

मी आयटीआयचा टर्नर आहे. भोसरी एमआयडीसीत 1996 पासून माझे छोटे वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक पिलर ड्रिल. पोट भरते ते गाड्यांच्या सुट्या भागांवर. पण दिवाळी संपली की संध्याकाळी सहानंतर शटरपाशी पाठीवर बॅगा अडकवलेली मुले उभी राहू लागतात. कोणाला शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा हवा असतो, कोणाला हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, कोणाला मोटरच्या एका बाजूने सपाट केलेल्या, डी-कट शाफ्टवर बसणारा कपलर, म्हणजे जोडणारा तुकडा. ड्रॉइंग बहुधा मोबाइलवर असते आणि त्यावर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, लिहिलेला नसतो. मी विचारतो, "बेअरिंग दाबून बसवायचे की हाताने सरकायला हवे?" मुले एकमेकांकडे बघतात. तिथून आमचे बोलणे सुरू होते.

पहिल्यांदा हे वेड माझ्यापर्यंत आले ते 2008 मध्ये. त्या वर्षी एबीयू रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिकमधल्या विद्यार्थ्यांची रोबो स्पर्धा पुण्यात भरली होती आणि विषय आपल्या दहीहंडीवर बेतलेला होता. मटक्यांतले लोणी रोबोंनी काढायचे. ही स्पर्धा 2002 मध्ये टोकियोत सुरू झाली. आपल्याकडे दूरदर्शन ती दाखवते आणि देशपातळीवरची फेरी कित्येक वर्षे बालेवाडीच्या क्रीडासंकुलात होत असे. तेव्हा मला एवढेच कळले की गल्लीत थर लावणाऱ्या पोरांचा खेळ कोणीतरी मोटर आणि सिलिंडरने करून बघतो आहे.

माझे डोळे उघडले 2014 मध्ये. आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुन्हा पुण्यात, बालेवाडीला होती. एका संघाने मला पास दिला म्हणून ऑगस्टातल्या त्या रविवारी बायकोला घेऊन गेलो. त्या वर्षीचा विषय आईबाप आणि लेकरू असा होता. मोठा रोबो माणसाने चालवायचा, छोटा रोबो आपला आपण चालणारा. मोठ्याने छोट्याला उचलून बागेत न्यायचे, सी-सॉवर बसवायचे, झोक्यावर ठेवून झोका द्यायचा आणि मग सोडून द्यायचे. खांबांवरून चालणे आणि शिडीसारख्या सांगाड्यावर चढणे लेकराने स्वतः करायचे. तीन मिनिटांत हे सगळे. माझी बायको सुरुवातीला कंटाळली होती. पण एका संघाचा मोठा रोबो छोट्याला झोक्यावर ठेवताना बोटभर चुकला आणि छोटा लटकत राहिला, तेव्हा ती खुर्चीतून उठून "अरे, धर त्याला!" असे ओरडली. आजूबाजूचे सगळेच ओरडत होते.

त्या दिवशी माझ्या धंद्याच्या नजरेला एक गोष्ट दिसली. रोबो एकटा असताना फारसे कोणाचे अडत नव्हते. पळताना, वळताना, उचलताना बहुतेक संघ चांगले होते. पडझड व्हायची ती एकाने दुसऱ्याच्या हाती काही देताना. मोठा सोडतो आणि छोट्याला अजून कळलेलेच नसते की आपल्याला सोडले आहे. लेथवर मी तीस वर्षे हेच पाहतो. शाफ्ट मापात असतो, तो जिथे बसायचा ते भोक, म्हणजे बोअरही मापात असतो, पण दोघांच्या मापांचा एकमेकांशी विचार केलेला नसला की जॉब एकतर अडकतो नाहीतर खुळखुळतो. गडबड नेहमी सांध्यात असते.

त्यानंतर मी दर वर्षीचे विषय मुलांकडून समजून घेऊ लागलो. 2016 मध्ये बँकॉकला दोन रोबो होते आणि त्यातल्या एकाला स्वतःला पुढे ढकलणारी मोटरच लावायची नव्हती, फक्त वळण्याची सोय. दुसऱ्याने त्याला हात न लावता पुढे न्यायचे. मुलांनी पंखा लावून वाऱ्याने ढकलायचे ठरवले. त्या पंख्याच्या ब्रॅकेटसाठी माझ्याकडे पाच वेळा आली, कारण वारा वाढवला की पुढचा भरकटे आणि कमी केला की चढावर थांबे. 2019 मध्ये मंगोलियातल्या उलानबातरची पाळी होती. विषय होता त्यांच्या जुन्या घोडेस्वार डाकेचा. एका रोबोने निरोप्याची निशाणी आणायची आणि दुसऱ्या चार पायांच्या रोबोच्या स्वाधीन करायची. त्याला चाके लावायला मनाई. त्याने वाळूच्या टेकाडावरून, दोरांवरून पाय उचलत जायचे. आमच्याकडे जासूद आणि सांडणीस्वार होते, त्यांची आठवण झाली. 2022 मध्ये भारताने दिल्लीत स्पर्धा भरवली तेव्हा तर लगोरीच होती. चेंडूने लगोरी फोडायची आणि जोडीदाराने पाच चकत्या पुन्हा रचायच्या. 2024 मध्ये व्हिएतनामने भातशेती दिली. एका रोबोने रोपे लावायची आणि पीक काढायचे, दुसऱ्याने माणसाच्या मदतीशिवाय भरलेले दाणे पोचट दाण्यांतून निवडून कणगीत भरायचे. मी भोर तालुक्यातला, चिखलात वाकून भात लावलेला माणूस. ते ड्रॉइंग समजून घ्यायला मला पाच मिनिटेही लागली नाहीत.

हे विषय ठरवणारे लोक दर वर्षी जाणूनबुजून काम दोघांत वाटतात, हे त्या पत्रलेखक गृहस्थांनी लक्षात घ्यावे. एकाच मोठ्या रोबोने सगळे करायचे असते तर सोपे होते.

अर्थात रोबोकॉनचे संघ मोठे असतात. पंचवीस-तीस मुले, प्रायोजक, महाविद्यालयाचा निधी. त्यांचे बरे चालते. मला लिहायचे आहे ते दुसऱ्याच चार मुलांविषयी. 2022 च्या डिसेंबरात ती माझ्याकडे आली. त्यांची नावे मी देणार नाही, वर्कशॉपात आम्ही गावाच्या ज्या नावाने हाक मारायचो तीच देतो. दोघे मेकॅनिकलचे, इचलकरंजी आणि चाकण. एक मुलगी ईअँडटीसीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार शाखेची, परभणी. एक कॉम्प्युटरचा, रत्नागिरी.

कल्पना परभणीची होती. तिच्या घरी गहू आणि भुईमुगाला तुषार सिंचन आहे. त्याचे पाइप सहा-सहा मीटर लांब. वजन फार नसते, पण लांबीमुळे एकट्या माणसाला ते नीट नेता येत नाहीत. एक टोक धरले की दुसरे पिकातून फरफटते. शेतीची वीज रात्रपाळीत आली की तिचे आईवडील दोन टोके धरून अंधारात पाइप हलवतात. वडील पुढे, आई मागे. ती म्हणाली, "काका, मला पाइपाच्या दोन टोकांना दोन रोबो हवेत. आईला त्या टोकापासून सोडवायचंय." हे वाक्य ती प्रोजेक्टच्या अहवालात लिहू शकली नाही, म्हणून मी इथे लिहितो.

एकदम शेतात जायचे नाही, एवढे शहाणपण त्यांना होते. तीन मीटरचा पाइप घ्यायचा आणि सपाट जमिनीवर, वळणासह, दहा मीटर न्यायचा, असे ठरले. प्रत्येक रोबोला दोन चालती चाके, एक कॅस्टर, म्हणजे कुठेही वळणारे छोटे चाक, वर बेअरिंगवर फिरणारा दुबेळका आणि त्यात पाइपाचे टोक. मोटरना एन्कोडर, म्हणजे चाक किती फिरले ते मोजणारी चकती.

पहिल्या चाचणीत पाइप वाकडा झाला आणि पुढच्या रोबोच्या दुबेळक्यातून निसटला. मुलांनी आठ दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. रत्नागिरीच्या डोळ्यांखाली काळे आले. नवव्या दिवशी ती रोबो घेऊन माझ्याकडे आली. मी व्हर्निअर घेतला आणि चाके मोजली. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानांतून आणलेली चाके, चारही शंभर मिलिमीटरची म्हणून विकलेली. एका जोडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला. इचलकरंजीला मी कागद दिला आणि म्हटले, हिशेब कर. अर्धा मिलिमीटर व्यासाने घेरात दीड मिलिमीटरहून थोडा जास्त फरक पडतो. दहा मीटरमध्ये चाक साधारण बत्तीस फेरे घेते. म्हणजे पाच सेंटीमीटर. एन्कोडर म्हणत होता, दोन्ही चाके सारखीच फिरली. आणि तो खरेच बोलत होता.

मग नायलॉनच्या रॉडवरून चारही चाके एकाच सेटिंगमध्ये, एकाच दिवशी काढली आणि वर रबरी ओ-रिंग चढवल्या. रोबो सरळ चालू लागले. मुले खूश झाली. मी नव्हतो, कारण मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटरला वीज देणारे सर्किट, तापल्याचा वास येत होता.

कारण असे. पाइप दोन्ही टोकांना घट्ट आवळलेला. पुढचा रोबो आपल्या हिशेबाने चालतो, मागचा आपल्या. कितीही सारखे केले तरी एखादा केसभर पुढे जातोच, फरशीची एक फट पुरते. मग पुढचा मागच्याला ओढतो, मागचा पुढच्याला रेटतो, दोघेही आपापल्या एन्कोडरप्रमाणे बरोबर असतात आणि सगळी ताकद आपसांत झुंजण्यात जाते. परभणीने मल्टिमीटर लावून दाखवले. पाइप नसताना जो करंट लागत होता त्याच्या दुपटीहून जास्त करंट तो हलका पाइप नेताना लागत होता.

रत्नागिरीचे म्हणणे, वायरलेसवरून दोघांनी एकमेकांना सतत आपला वेग कळवावा. मला त्यातले कळत नाही, पण मी त्यांना आमच्या गावच्या जत्रेतली पालखी सांगितली. पालखीला मागे खांदा देणाऱ्याला रस्ता दिसत नाही. समोर पालखी, गोंडे, गर्दी. पुढचा त्याला ओरडून काही सांगत नाही, ढोल-ताशात ऐकूही येणार नाही. तरी खड्डा आला, पुढचा बिचकला, की मागच्याला ते दांड्यातून खांद्यात कळते आणि त्याचे पाऊल आपोआप आखडते. मी पंधरा वर्षांचा असताना पहिल्यांदा मागे लागलो तेव्हा वडिलांनी एवढेच सांगितले होते, "दांडा आवळू नको. खांद्यावर खेळू दे."

इचलकरंजीने तिथेच, माझ्या चहाच्या पुठ्ठ्यावर, स्केच काढले. पुढच्या रोबोची पकड घट्ट राहू द्यायची. मागच्याची पकड एका सरकत्या पाटीवर घ्यायची, चाळीस मिलिमीटर मागेपुढे जाईल अशी, दोन्ही बाजूंना एकेक स्प्रिंग. पाटीला जोडून एक सरकता पोटेन्शिओमीटर, ध्वनियंत्रणेच्या मिक्सरवर आवाज कमी-जास्त करायला असतो तसा. पाटी पुढे ओढली गेली की मागच्याने वेग वाढवायचा, मागे रेटली गेली की कमी करायचा, मध्यावर असली की तसेच चालायचे. पाइप हाच निरोप्या.

ती पाटी मी मिलिंगवर काढली. रात्री अकरापर्यंत थांबलो. पहिल्या चाचणीत मागचा रोबो फार उतावळा निघाला. जरा ओढ लागली की झपकन पुढे, मग पाटी रेटली गेली की झपकन मागे. पाइप झोके घेऊ लागला. रत्नागिरी तीन रात्री माझ्या वर्कशॉपच्या फरशीवर लॅपटॉप घेऊन बसला आणि ओढीला किती प्रतिसाद द्यायचा तो आकडा थोडा थोडा उतरवत गेला. तिसऱ्या रात्री दीडच्या सुमारास पाइप शांत झाला. दहा मीटर गेला, वळला, परत आला. करंट जवळजवळ एकट्या रोबोइतकाच. चाकणने पाइपावर पाण्याचा अर्धा भरलेला पेला ठेवायला लाकडी ठोकळा चिकटवला आणि पुन्हा चालवला. पाणी सांडले नाही. मी तीस वर्षांत असंख्य जॉब काढले आहेत, पण तो पेला मी विसरणार नाही.

वायरलेस मात्र पूर्ण टळले नाही. दोघांनी एकाच वेळी उचलायचे आणि एकाच वेळी ठेवायचे, एवढ्यासाठी ते लागत होते. माझ्या शेडमध्ये ते बिनचूक चालले. महाविद्यालयाच्या हॉलमध्ये प्रात्यक्षिकाला नेले तेव्हा पुढच्याने उचलले आणि मागचा ढिम्म. पाइप तिरका होऊन घसरला. हॉलमध्ये दोनशे मोबाइल, हॉटस्पॉट, वायफाय, सगळे त्याच लहरींवर. "उचल" हा निरोप वाटेत हरवला होता आणि पुढच्याला ते कळायला मार्ग नव्हता, कारण त्याने एकदा सांगून आपले काम संपले असे धरले होते.

परभणीने ते तिच्या पद्धतीने सोडवले. म्हणाली, शेतात आम्ही हाक मारतो तेव्हा समोरच्याने ओ दिल्याशिवाय पुढचे बोलत नाही. मग त्यांनी तसेच केले. "उचल" म्हटले की मागच्याने "ओ" द्यायची. ओ आली नाही तर पुन्हा हाक. पण मग एक गोम निघाली. हाक पोहोचली आणि ओ हरवली, तर पुढचा पुन्हा हाक मारणार आणि मागचा दुसऱ्यांदा उचलणार. म्हणून प्रत्येक हाकेला नंबर दिला. त्याच नंबरची हाक पुन्हा आली तर फक्त ओ द्यायची, काम पुन्हा करायचे नाही. आणि अर्ध्या सेकंदात काहीच ऐकू आले नाही तर दोघांनी जागच्या जागी थांबायचे. रत्नागिरीने मला नंतर सांगितले की मोबाइलवर आपण बोलतो, पैसे पाठवतो, त्याच्या मुळाशी हीच हाक-ओ असते आणि पुस्तकात ती दोन पानांत येते. परीक्षेला त्याने ती पाने पाठ केली होती, म्हणाला, पण पाइप पडेपर्यंत ती कशासाठी आहेत ते कळले नव्हते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितो आहे ते सांगतो.

या चार मुलांचा प्रोजेक्ट कागदावर एक नव्हताच. त्यांच्या महाविद्यालयात गट एकाच शाखेचा असावा लागतो. म्हणून मेकॅनिकलच्या दोघांनी आपला प्रोजेक्ट "पाइप पकडण्याची यंत्रणा" म्हणून नोंदवला, परभणीने आपल्या शाखेतल्या आणखी तिघांबरोबर "वायरलेस संदेशवहन" म्हणून आणि रत्नागिरीने कॉम्प्युटरमध्ये तिसऱ्याच नावाने. तीन गट, तीन अहवाल, तीन मार्गदर्शक. बाहेरून परीक्षक आले त्या दिवशी एक रोबो मेकॅनिकलच्या प्रयोगशाळेत टेबलावर ठेवला होता आणि दुसरा ईअँडटीसीच्या, दोन मजले वर. पाइप जिन्याखाली उभा करून ठेवलेला. मेकॅनिकलच्या मुलांना विचारले गेले, प्रोग्रॅम तुमचा नाही तर अहवालात कशाला घातला? परभणीला विचारले गेले, या सरकत्या पाटीचा तुमच्या शाखेशी काय संबंध? पाइप उचलून दाखवा असे कोणीही म्हटले नाही. म्हणू शकत नव्हतेच, कारण दोन्ही टोके एका खोलीत नव्हती.

परीक्षकांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे जो तक्ता होता त्यात आपल्या शाखेचे काम किती, सादरीकरण कसे, अहवाल कसा, असे रकाने होते. दोघांनी मिळून काम केले का, याचा रकाना नव्हता. मुलांनी ज्या गोष्टीवर चार महिने घालवले, ती सरकती पाटी, ती हाक आणि ओ, या दोन्ही गोष्टी कोणत्याच शाखेच्या नव्हत्या. त्या मधल्या होत्या. चौघांनाही बरे गुण मिळाले, नापास कोणी झाले नाही. पण निकालाच्या दिवशी परभणी पेढे घेऊन आली तेव्हा तिने विचारले, "काका, आम्ही केलेलं कोणी पाहिलंच नाही, हो ना?" मला उत्तर सुचले नाही.

पुढच्या जूनमध्ये माझ्या नेहमीच्या भंगारवाल्याकडे ॲल्युमिनिअमच्या ढिगात मला एक हब दिसला. माझ्याकडे निघणाऱ्या हबवर मी आतल्या बाजूला एक छोटा पंच मारतो. तो पंच होता. शेजारी सरकती पाटी पडली होती, स्प्रिंगा काढून घेतलेल्या. जागा हवी म्हणून महाविद्यालयाने जुने प्रोजेक्ट विकले होते. मी किलोच्या भावाने दोन्ही विकत घेतले.

पत्रलेखक गृहस्थ म्हणतात की मुलांच्या हाताला काही लागत नाही. बिट्स पिलानीच्या विद्यार्थ्यांनी "अच्युत" नावाचा माणसासारखा रोबो बनवला होता. त्या धडपडीतून आलेल्या दोघांनी पुढे ग्रेऑरेंज ही कंपनी काढली आणि आज त्यांचे रोबो गोदामांत माल हलवतात, एकमेकांना वाट देत. परभणीच्या मोबाइलवर एक चित्र असायचे, हार्वर्ड विद्यापीठात तेव्हा असलेल्या संशोधक राधिका नागपाल यांच्या प्रयोगशाळेतले. 2014 मध्ये तिथे 1,024 रोबोंचा थवा केला, एकेक रोबो नाण्याएवढा, काडीसारख्या तीन पायांवर थरथरत सरकणारा. त्यातल्या कोणालाही सगळे चित्र दिसत नाही. प्रत्येक जण फक्त जवळच्या शेजाऱ्याशी प्रकाशाच्या इशाऱ्याने बोलतो आणि सगळे मिळून चांदणीचा आकार धरतात. परभणी म्हणायची, त्यांचे हजार आहेत, आमचे दोन आहेत, पण शेजाऱ्याचे ऐकायचे हे तेच. आपल्या मुंबईच्या आयआयटीतला ई-यंत्र प्रकल्पही कितीतरी महाविद्यालयांतल्या मुलांना रोबोवर हात चालवायला शिकवतो. म्हणजे मुलांना आवड नाही किंवा साधन नाही अशी स्थिती नाही. अडते ते परीक्षेच्या तक्त्याशी.

तयार प्रोजेक्ट विकत का घेतले जातात, यावरही माझे एक निरीक्षण आहे. एका शाखेच्या चार मुलांना रोबो करायला सांगितले की त्यातले अर्धे काम त्यांच्या शाखेबाहेरचे असते. मेकॅनिकलची मुले सर्किटला अडतात, कॉम्प्युटरची मुले ब्रॅकेटला. शेजारच्या इमारतीत ते येणारी मुले बसलेली असतात, पण त्यांना गटात घेता येत नाही. मग बाहेरून विकत आणतात. पहिल्यांदा एखादे सर्किट, मग पूर्ण रोबो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या महाविद्यालयात मिश्र गट चालतात, आणि अशीही काही महाविद्यालये आहेत, ती मुले मला अर्धवट का होईना, पण आपले ड्रॉइंग दाखवतात. तयार डबा घेऊन येणारी मुले त्यांच्यात मी क्वचितच पाहिली.

म्हणून विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना आणि प्राचार्यांना माझी हात जोडून विनंती आहे. दोन-तीन शाखांच्या मुलांना एक गट करू द्या, एकच अहवाल लिहू द्या. तोंडी परीक्षेला त्या त्या शाखांचे परीक्षक एका खोलीत, एका टेबलाशी बसू द्या आणि काम तिथे चालवून बघा. दोन रोबो असतील तर एकाने दुसऱ्याच्या हाती दिलेली वस्तू बघा, ती चारदा देऊन बघा, एकदा मुद्दाम मध्येच निरोप तोडून बघा की दुसरा काय करतो. त्याला गुण द्या. पडले तरी का पडले हे मुलांना सांगता आले तर त्यालाही द्या. आणि निदान एक वर्षभर जुने रोबो भंगारात घालू नका. परभणीच्या गटाच्या मागून आलेल्या मुलांना ती पाटी हातात मिळाली असती तर त्यांनी सपाट फरशीवरून शेताच्या ढेकळांत जायचा विचार केला असता. ती मुले यंदा माझ्याकडे आली तेव्हा पुन्हा तपकीर गल्लीतली चाके घेऊन आली होती आणि पुन्हा आठ दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होती.

ती पाटी आणि हब माझ्याकडे टूल ठेवायच्या कपाटात, वरच्या फळीवर आहेत. नव्या स्प्रिंगा बसवल्या आहेत. ज्या मुलांना पुढे काम करायचे आहे त्यांनी येऊन घेऊन जावे. लागतील ती चाके मी एकाच सेटिंगमध्ये काढून देईन, मजुरी घेणार नाही. माझी एकच अट आहे. ड्रॉइंगवर किमान दोन शाखांच्या मुलांच्या सह्या असाव्यात आणि ती मुले एकत्र यावीत, संध्याकाळी सहानंतर.

माझे नाव-पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. मुलांचे महाविद्यालय ओळखू येऊ नये म्हणून तो छापू नये, ही विनंती.

आपला,
एक टर्नर, भोसरी